शंभराच्या आत

"मामा, टॉर्च हलवू नका. अजून दोन मिनिटं."

"अगं, पाय बधिर झाला माझा."

"मग दुसऱ्या पायावर उभे राहा. पण उजेड वहीवरच राहू दे."

जिन्याखालच्या मीटरच्या पेटीसमोर आम्ही दोघं उभे होतो. मीटरवरचा तांबडा दिवा लुकलुकत होता आणि मी मोजत होते. तो बत्तीसशे वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, हे मीटरवरच लिहिलेलं असतं. घरातली प्रत्येक वस्तू एकटी चालू करून दिवा किती वेगानं लुकलुकतो ते पाहायचं, म्हणजे वीज नेमकी कोण खातं ते कळेल, असा माझा बेत होता.

वरून गॅलरीतून मामी ओरडली, "फ्रिज बंद केला गं! आता गिझर लावते!"

तोपर्यंत सावकाश उघडझाप करणारा दिवा एकदम पिसाटल्यासारखा झाला. सेकंदाला जवळजवळ दोनदा.

"बाप रे," मामा म्हणाले. "हाच तो."

"हाच," मी म्हणाले. "घरातला चोर."

त्या वर्षी मी केमिस्ट्रीत बी.एस्सी. होऊन नाशिकरोडला मामांकडे राहायला आले होते. पुढची प्रवेश परीक्षा वर्षभरानं होती. मामा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. मला ठेवून घेताना त्यांनी आईला सांगितलं होतं, "एक पैसा घेणार नाही, ती माझी मुलगीच आहे." ते मनापासून म्हणाले होते. पण मी आल्यापासून त्यांचं विजेचं बिल वाढलं होतं, हेही खरं होतं. शंभर युनिटांच्या आत राहिलं तर दर कमी लागायचा, त्यापुढे एकदम जास्त. मामा वर्षानुवर्षं शंभराच्या आत राहत आले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शेजारच्यांना ते वय सांगावं तसा आकडा सांगत. मी आल्यावर तो एकशे बेचाळीसवर गेला. ते काही बोलले नाहीत. फक्त मी खोलीतून बाहेर पडले की आत जाऊन पंखा बंद करून येत.

"तुझ्या मामांना देवापुढचं निरांजनसुद्धा मीटरवर दिसतं," मामी म्हणायची.

तेव्हा मी ठरवलं, ह्या घराला परत शंभराच्या आत आणून दाखवायचं. माझ्या राहण्याची परतफेड मला दुसऱ्या कशानं करता येत नव्हती.

हिशेब सोपा होता. विजेचा गिझर महिन्याला पन्नासच्या आसपास युनिटं खात होता. तो काढून गॅसचा लावला तर आम्ही ब्याण्णववर येत होतो. गणपतीच्या आधी रमजानभाई नावाचा फिटर गिझर लावायला आला. बाथरूमच्या भिंतीवर पांढरी पेटी, खाली छोटी काच, काचेतून दिसणाऱ्या निळ्या ज्योती. सिलिंडर बाहेर पॅसेजमध्ये. नळ सोडला की गिझर आपोआप पेटायचा. मामींनी कौतुकानं तीन वेळा नळ सोडून पाहिला.

जाताना रमजानभाईनं बाथरूमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. काचेच्या आडव्या पट्ट्यांची ती खिडकी मागच्या डक्टमध्ये उघडायची.

"ताई, ह्या खिडकीला हात लावायचा नाही. कायम उघडी."

"का?"

"असंच असतं."

"पण कारण काय?"

तो हसला. "कारण मला नाही सांगता येणार. आमच्या शेठनी सांगितलं, आम्ही तुम्हाला सांगितलं. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच शोधा."

मला ते बोलणं आवडलं नव्हतं. कारण न सांगता दिलेल्या सूचना मला कधीच आवडल्या नाहीत. मी कारण शोधलं आणि मला ते लगेच सापडलं. नळी कुठं गळली तर गॅस कोंडू नये म्हणून खिडकी. एवढंच.

पहिल्या महिन्याचं बिल एक्याण्णव युनिटांचं आलं. मामांनी ते फ्रिजवर चिकटवलं. संध्याकाळी पेढे आणले. "ह्या पोरीनं करून दाखवलं," असं जिन्यात भेटेल त्याला सांगत होते.

दसऱ्यानंतर थंडी पडली. डक्टमधून बाथरूममध्ये असा वारा यायचा की मामी आंघोळ करून कुडकुडत बाहेर पडायची. थंडी वाजते म्हणून सगळे जास्त पाणी घेत आणि गॅस जास्त जळे. मी थर्मामीटर लावून पाहिला, पहाटे सोळा अंश. सिलिंडर मी दर रविवारी वजनकाट्यावर ठेवत असे. गिझर आठवड्याला साधारण बाराशे ग्रॅम गॅस घेत होता.

"खिडकी बंद केली तर?" मामांनी विचारलं.

"तो फिटर नको म्हणाला होता," मामी म्हणाली.

"का नको, ते त्याला तरी कुठं माहीत होतं?" मी म्हणाले. "थांबा, मी बघते."

आणि मी खरंच नीट पाहिलं. साबणाचं दाट पाणी करून ब्रशनं सगळ्या नळीवर, प्रत्येक जोडावर लावलं. गळती असती तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही. दुसऱ्या दिवशी परत केलं, तिसऱ्या दिवशी परत. मग दार आणि खिडकी बंद करून तासभर थांबून आत जाऊन वास घेतला. काही नाही. वहीत तारीख घालून लिहिलं, गळती नाही, खिडकी बंद करण्यास हरकत नाही.

काचेच्या पट्ट्या पूर्ण मिटत नव्हत्या. म्हणून मी जाड प्लॅस्टिकचा कागद मापानं कापून आतून चौकटीवर चिकटपट्टीनं लावला. दाराखालच्या फटीत मामींनी जुन्या साडीची गुंडाळी ठेवायला सुरुवात केली. आंघोळीच्या वेळी आत तेवीस अंश. आठवड्याचा गॅस बाराशेवरून नऊशेवर आला.

"काय ऊबदार वाटतं गं," मामी म्हणाली. "आईच्या घरी न्हाणीघरात चूल असायची, तसं."

त्या दोन आठवड्यांतली माझी वही अजून माझ्याकडे आहे. आकडे नीटनेटके आहेत. बाजूच्या रकान्यात मला दिसलेल्या इतर गोष्टी मी लिहून ठेवत असे, ती सवय प्रयोगशाळेनं लावलेली. एके ठिकाणी लिहिलं आहे, ज्योत टोकाला पिवळी, आधी पूर्ण निळी होती. दुसरीकडे, मामींनी गिझरवरच्या छताचा काळा डाग पुसला. मग, बाथरूममध्ये पाल मेलेली सापडली, थंडीमुळे असावी. आणि तीन-चार ठिकाणी, मामींचं डोकं दुखतंय.

मामी आमच्या सगळ्यांच्या नंतर आंघोळ करायची आणि तिथंच गरम पाण्यात कपडे धुवायची. बाहेर आली की कपाळ दाबत बसायची.

"पित्त आहे," मामा म्हणायचे. "चहा कमी कर."

"तुम्ही बोलणं कमी करा, डोकं थांबेल," मामी म्हणायची.

मी तिला पित्ताची गोळी आणून द्यायची.

दिवाळीला केतकी येणार होती. केतकी म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मे महिन्यात तिचं लग्न झालं होतं, त्यामुळे हा दिवाळसण. ती पुण्यात ब्लाउज शिवायची. शिकून शिवायची, पण टेप फार वापरायची नाही. बाई समोर उभी राहिली की डोळ्यांनी माप घ्यायची आणि ते चुकायचं नाही. तिचे हात मशीनवर चालताना पाहणं मला फार आवडायचं.

ती आणि तिचा नवरा निशिकांत दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी गाडीनं आले. दारातच तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ऋजू, कमर एक इंचानं वाढली. आईच्या हातचं मानवलं."

"भावोजी, हिला आवरा," मी म्हणाले.

"मला नाही आवरत," निशिकांत म्हणाला. "माझ्या पँटचं मापसुद्धा हिनं मुलगी बघायच्या कार्यक्रमातच घेतलं होतं."

मामांनी लगेच त्याला फ्रिजवरचं बिल दाखवलं. "निशिकांतराव, ही आमची शास्त्रज्ञ. आता पाच माणसं झाली तरी आकडा वाढणार नाही बघा."

मग नरकचतुर्दशीची तयारी. पहाटे उजाडायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी झाल्या पाहिजेत, हा मामींचा दंडक. तेल, उटणं, पाटाभोवती रांगोळी, बाहेर दाराशी फोडायला कारीट. मी क्रम लावून दिला. आधी जावई, मग मामा, मग मी, मग मामी आणि शेवटी केतकी, कारण तिचे केस लांब, तिला वेळ लागायचा.

"एकामागून एक लगेच जायचं," मी सगळ्यांना बजावलं. "मध्ये खंड पडला की नळीतलं पाणी गार होतं आणि तेवढा गॅस फुकट जातो. आणि दार उघडं ठेवू नका, आतली ऊब जाते."

"येस मॅडम," निशिकांत म्हणाला.

रोजच्या दिवशी आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या वेळांना आंघोळ करायचो. पाच माणसं ओळीनं, मध्ये न थांबता, असं त्या बाथरूममध्ये त्याआधी कधीच झालं नव्हतं.

पावणेपाचला निशिकांत आत गेला. मामींनी बाहेर फुलबाजी लावली. तो आला, मामा गेले. मामा आले आणि म्हणाले, "आज आत जरा कोंदट वाटलं." मी म्हणाले, "उटण्याचा वास असेल." मग मी गेले. पाणी छान कढत होतं. काचेतून ज्योती दिसत होत्या, पिवळ्या, उंच. केस धुताना कानशिलं ठणकायला लागली. लवकर उठल्यामुळे, असं मला वाटलं. बाहेर येताना चौकटीला खांदा आपटला, तेव्हा मीच हसले.

माझ्यानंतर मामी गेली. ती बाहेर आली तशी केतकी तिच्या बाजूनं आत शिरली, मी सांगितलं होतं तशी, लगेच. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मामी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली आणि तिथंच बसली. बसली म्हणजे पाय गळून खाली आली.

"अगं, अगं!" मामा धावले.

तिच्या ओठांना कोरड पडली होती. मी पाणी दिलं, ते तिच्या हनुवटीवरून ओघळलं. "गरगरतंय," ती म्हणाली. "मळमळतंय." निशिकांतनं तिला उचलून कॉटवर ठेवलं.

"कालपासून पोटात काही नाही हिच्या," मामा म्हणाले. "सगळं करत बसते. साखर आण गं, साखर."

मी साखर आणली. निशिकांत डॉक्टरांचा फोन लावत होता, तो कुणी उचलत नव्हतं. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"केतकीला हाक मारू का?" निशिकांतनं विचारलं.

"नको," मामा म्हणाले. "घाबरेल पोरगी. सणाची आंघोळ आहे, होऊ दे तिची."

"हो, होऊ दे," मीही म्हणाले. "केस धुतेय ती."

मी मामीचे पाय चोळत होते. माझंही डोकं ठणकत होतं. मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "मलाही सकाळपासून जड जड होतंय. ह्या थंडीनं सगळ्यांनाच धरलं की काय."

ते वाक्य मी ऐकलं. सगळ्यांना. आजारपण असं सगळ्यांना एका सकाळी, एकाच क्रमानं धरत नाही. निशिकांत ठीक होता, तो पहिला होता. मामांना जड वाटत होतं, ते दुसरे होते. माझी कानशिलं ठणकत होती, मी तिसरी. मामीच्या पायात जीव नव्हता, ती चौथी.

ज्योतीला हवा कमी पडली की ती पिवळी होते. पिवळी ज्योत अर्धवट जळते आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. साबणाच्या पाण्यात त्याचा बुडबुडा येत नाही, कारण तो नळीतून गळत नाही, तो ज्योतीतच जन्मतो. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. पाच मार्कांचा प्रश्न होता आणि मला पाचही मार्क मिळाले होते.

बाथरूममधून पाण्याचा आवाज येतच होता. एकाच लयीत. अंगावर पाणी घेणारं माणूस असलं की तो आवाज असा सलग येत नाही.

"केतकी!" मी दारावर हात आपटले. "केतकी!"

"काय झालं?" निशिकांत मागं आला.

"दार तोडा, भावोजी."

त्यानं माझ्याकडे एक क्षण पाहिलं, आणि मग लाथ मारली. प्लॅस्टिकचं दार दुसऱ्या लाथेला मधोमध फाटलं. आत सगळी वाफ. केतकी भिंतीला टेकून बसली होती, पाय लांब, डोकं एका खांद्यावर. केसांत अजून शिकेकाई होती. निशिकांतनं तिला टॉवेलात गुंडाळून बाहेर ओढलं आणि गॅलरीत नेलं. मी पॅसेजमधला सिलिंडर बंद केला. मग परत आत गेले आणि खिडकीवरचा प्लॅस्टिकचा कागद दोन्ही हातांनी फाडून काढला. चिकटपट्टी मी इतकी चांगली लावली होती की चौकटीचा रंग तिच्याबरोबर निघून आला.

तो कागद मी हवा यावी म्हणून फाडला. पण नंतर त्याची घडी घालून माळ्यावर टाकला, तो कशासाठी, ह्याचं उत्तर मला माहीत आहे. निशिकांतची त्या खिडकीकडे पाठ होती. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, आणि पहाटेच्या आंघोळीत, त्या नवख्या बाथरूमच्या वाफेत, तो कागद त्याच्या लक्षात आला नव्हता.

निशिकांतनं गाडी काढली. मागच्या सीटवर केतकीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. श्वास चालू होता. मामी पुढं बसली होती आणि खिडकीतून बाहेर डोकं काढून ओकत होती. सगळ्या रस्त्यावर दिवे लागले होते, मुलं फटाके उडवत होती.

हॉस्पिटलात सणामुळे एकच डॉक्टर होती, तरुण, झोपेतून उठलेली. गॅस गिझर म्हटल्याबरोबर तिनं दोघींच्या तोंडावर ऑक्सिजनचे मास्क लावले. वीसएक मिनिटांत मामी बोलायला लागली. केतकीनं आणखी थोड्या वेळानं डोळे उघडले. निशिकांत तिचा हात धरून उभा होता.

मास्कच्या आतून ती म्हणाली, "कारीट फोडलं का माझ्याशिवाय?"

आम्ही सगळे एकदम हसलो, रडलो. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

डॉक्टर कागदावर लिहीत होती. "किती वेळ आत होत्या?"

"अकरा मिनिटं," मी म्हणाले. ते मला माहीत होतं.

"बेशुद्ध किती वेळ असतील?"

"त्यातली पाच-सहा असावीत."

"बाथरूमला खिडकी आहे?"

"आहे," मामा म्हणाले.

"उघडी होती?"

मामांनी निशिकांतकडे पाहिलं. सहा महिन्यांचा जावई, पहिला सण, आणि त्यांच्या घरात त्याची बायको अशी पडलेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथं घट्ट बसला.

"उघडीच असते," मामा म्हणाले. "कायम उघडी."

डॉक्टरनं मान हलवली. "मग ठीक. खिडकी उघडी असल्यावर गॅस फार साठत नाही. रक्ताचा रिपोर्ट बाहेरून येतो, सुट्टी आहे, तो परवाच मिळेल. तसंही आता मास्क लावल्यावर त्यातून खरा आकडा कळणार नाही. म्हणून विचारतेय. बंद जागा असती तर मी ह्यांना इथं ठेवलंच नसतं. मुंबईला पाठवलं असतं, तिथं दाबाखाली ऑक्सिजन देतात. कधी कधी पेशंट बरा वाटतो आणि तीन-चार आठवड्यांनी मेंदूवर परिणाम दिसतो." मग ती माझ्याकडे वळली. "खिडकी उघडी होती, नक्की ना?"

मामीनं मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. मामांना माहीत होतं. निशिकांत माझ्याकडे पाहत होता, ओल्या डोळ्यांनी, कृतज्ञतेनं. मीच दार तोडायला सांगितलं होतं. मी वेळेवर ओळखलं होतं. गाडीत तो दोनदा मला म्हणाला होता, "ऋजुता, तू नसतीस तर..."

केतकी हसत होती. ती इतकी बरी दिसत होती.

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी दोघींना घरी सोडलं. रात्री मामांनी माझ्या खोलीच्या दारात येऊन फक्त एवढंच म्हटलं, "आता सगळं नीट आहे ना. उगाच घरात विष कशाला कालवायचं." गिझर त्यांनी दुसऱ्याच दिवशी काढून टाकला.

भाऊबिजेनंतर केतकी पुण्याला गेली. मी प्रत्येक संध्याकाळी तिला फोन करत असे.

"तुला रोज काय झालंय गं?" ती म्हणायची. "इतकं प्रेम लग्नाआधी कुठं होतं?"

मी तिला काहीतरी विचारायची. आज काय केलंस? कुणाचा ब्लाउज शिवतेस? तारीख काय आज? ती खदाखदा हसायची आणि सगळं बरोबर सांगायची. फोन ठेवल्यावर मी दिवसावर खूण करायची. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात चाळीस दिवस लिहिले होते. चाळीस उलटले की धोका संपला. दहा झाले. पंधरा झाले. वीस झाले. मामी परत मामांना टोमणे मारायला लागली होती, तिचं डोकं दुखायचं थांबलं होतं. मला झोप लागायला लागली.

सव्विसाव्या दिवशी दुपारी निशिकांतचा फोन आला. मामांच्या नाही, माझ्या मोबाइलवर.

"ऋजुता, बोलायला वेळ आहे?"

"आहे, भावोजी."

"तशी साधीच गोष्ट आहे. तू सायन्सची आहेस म्हणून तुला विचारतो." तो थांबला. "परवापासून केतकी जरा गप्प आहे. मला वाटलं, कामाचा ताण. काल तिनं एक ब्लाउज शिवला. दोन्ही बाह्या एकाच बाजूला लावल्या."

मी हातातली वही मिटली.

"मी म्हटलं, अगं हे काय? तिनं पाहिलं. हसली नाही, चिडली नाही. उसवलं आणि परत तसंच शिवलं. एकाच बाजूला. तीन वेळा. आज सकाळपासून ती मशीनसमोर बसलीय, मशीन बंद आहे. मी विचारलं, काय करतेस? तर म्हणाली, मला पुढं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही."

पलीकडे रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. 

"हे काय असेल?" निशिकांतनं विचारलं.

त्यानंतरचं वर्ष आमच्या दोन्ही घरांनी कसं काढलं ते सांगत नाही. इतकंच सांगते की केतकी जिवंत आहे, हळूहळू पुष्कळ सावरली, स्वतःचं आवरते, स्वयंपाक करते, कधी कधी पूर्वीसारखी थट्टाही करते. शिवण मात्र गेलं. बाई समोर उभी राहिली की ती पाहत राहते आणि माप येत नाही. ह्याला आता बारा वर्षं झाली.

पण त्या दुपारी मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. फक्त तिला लगेच कुठं न्यायचं आणि डॉक्टरला 'बंद' हा शब्द सांगायचा एवढं मला माहीत होतं. तो शब्द सांगायचा तर आधीचं सगळं सांगायला हवं होतं. स्वयंपाकघरात मामी भांडी घासत होती, मामा पेपर वाचत होते. मी गॅलरीत गेले आणि सांगितलं. खिडकी, प्लॅस्टिकचा कागद, डॉक्टरचा प्रश्न, माझं उत्तर. मामांचं नाव मी घेतलं नाही.

निशिकांतनं मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं सांगून झालं. फोन बंद झाला की काय असं वाटून मी कानापासून काढून पाहिला. सेकंद पुढं जात होते.

"मला एकच सांग," शेवटी तो म्हणाला. आवाज अगदी हळू होता, शेजारच्या खोलीत ती असणार. "त्या दिवशी तू खरं सांगितलं असतंस, तर फरक पडला असता?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकांत नाही. मी नंतरही खूप शोधलं. दाबाखालच्या ऑक्सिजननं काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. कुणाला होईल, हे आधी सांगता येत नाही. नेमकं उत्तर 'कदाचित' असंच आहे, आणि नेमकं तेवढंच बोलायची मला आयुष्यभर सवय होती.

"हो," मी म्हणाले. "पडला असता."